डाव्या बैलाचे, उजव्या बैलाचे

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट न मोजता मान्य केली नाही. बाजारातल्या दुधी भोपळ्याचा घेर, लग्नमंडपाच्या बांबूची उंची, पुढाऱ्याच्या भाषणाची लांबी, पाहुण्याच्या वळकटीची जाडी, सगळ्याला त्यांचा टेप लागायचाच. या नियमाला त्यांच्या हातून एकदाच अपवाद घडला आणि त्या अपवादापायी त्यांना पुढे कित्येक दिवस घास गोड लागला नाही. ती हकिगत मला सांगायची आहे. पण त्याआधी माणूस ओळखीचा व्हायला हवा, नाहीतर बैलांच्या भांडणात एक म्हातारा टेप घेऊन का शिरला, हे कुणाला पटायचं नाही.

नात्यानं ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमच्याकडे सासऱ्यालाही मामाजी म्हणतात आणि मामेसासऱ्यालाही, त्यामुळे मी त्यांना मामाजी म्हणायचो आणि ते मला जवाई. त्यांची सगळी नोकरी आलापल्लीकडच्या सागवानाच्या डेपोत गेली. जंगलातून ट्रकनं ओंडके यायचे. डेपोच्या भाषेत ओंडक्याला नग म्हणतात. एकेका नगाची लांबी आणि मधली गोलाई मोजायची, बोटांनी ठोकून तो आतून पोकळ आहे का ते ऐकायचं, मग वहीत त्याचा वर्ग लिहायचा, आणि शेवटी हातोडीवाल्यानं त्याच्यावर ठसा मारायचा. मोजलेले नग थप्पीला लागत. लिलावाच्या दिवशी व्यापारी येत ते थप्पी बघायला. दर्शनी भागातले चार नग पाहून ते अख्ख्या थप्पीचा अंदाज बांधून मोकळे होत. मामाजींना या गोष्टीची मनापासून चीड. "थप्पी पाहून भाव लावते तो व्यापारी," ते म्हणत. "आपुन नगाची मानसं. एका थप्पीतले दोन नग सारखे निंगाले असं तीस वर्सात मी पाह्यलं नाई."

रिटायर होऊन ते ब्रह्मपुरीपासून एसटीनं तासाभरावरच्या आपल्या गावी येऊन राहिले, पण टेप काही रिटायर झाला नाही. सदऱ्याच्या एका खिशात टेप, दुसऱ्यात लाल-निळी पेन्सिल आणि एक चोपडी, जिच्यात डेपोतल्यासारखेच रकाने आखलेले असत आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा ते मुलीचे मामा म्हणून समोर बसले होते. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं, वळायला सांगितलं, खांद्यावर बोटांनी दोनदा ठोकलं आणि चोपडीत काहीतरी लिहिलं. लग्नानंतर बायकोनं ती नोंद मला दाखवली. "लांबी बरी. गोलाई कमी. पोकळ वाटत नाही. शेरा: वाळल्यावर सरळ राहील." इतकं निर्मळ प्रशस्तिपत्र मला पुढे विद्यापीठानंही दिलं नाही. महाशिवरात्रीला आम्ही सारे मार्कंड्याच्या जत्रेला गेलो, तर तिथं गर्दीत मामाजी हरवले. मामी रडकुंडीला आल्या. तासाभरानं ते सापडले ते एका दगडी खांबाला मिठी मारून उभे; खांबाची गोलाई घेताना टेप अपुरा पडला होता आणि मागून टेपाचं टोक धरणारा कुणी भाविक मिळत नव्हता. दर्शन झालं का, असं मामींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "देव कुठी जाते? खांब पह्यले पाहू दे."

एकच दोष त्यांच्यात होता, आणि तो मामींनीच पहिल्यांदा बोलून दाखवला. सागवानापुढे मामाजी बाकी लाकडाला लाकूड मानत नसत. बीजा, ऐन, मोह यांची नावं निघाली की ते दुसरीकडे पाहत. एकदा घरात ऐनाच्या लाकडाचा पाट आला तर हे दोन दिवस पाटाशिवाय जेवले. मामी मला म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी कॉलेजात ते जातीयवादी जातीयवादी शिकवता ना? हे पाहा, घरातच हायेत. लाकडात याईले सागच दिसते. बाकीच्या झाडाईनं काय पाप केलं का बाप्पा?" मामाजींनी ते ऐकलं आणि चष्मा काढला. बिनतोड मुद्दा समोर आला की ते हटकून चष्मा पुसत.

मामी म्हणाल्या ते खरं होतं. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो आणि बी.ए.च्या वर्गाला 'जमातवाद' नावाचं एक प्रकरण होतं. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. पेपर उघडला की कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या जातीय दंगलीची बातमी असायची, आणि परीक्षेत दरवर्षी हमखास प्रश्न यायचा: जमातवाद म्हणजे काय ते सांगून त्याची कारणे लिहा. माझ्याकडे पिवळ्या पडलेल्या नोट्स होत्या, त्यात एक घोटीव व्याख्या होती. ती मी मामाजींना एकदा दिमाखात ऐकवली. एका धर्माची माणसं आहेत म्हणून त्यांचे रोजच्या व्यवहारातले हितसंबंधही एकच आहेत, असं मानणं, आणि म्हणून दुसऱ्या धर्माच्या माणसांशी त्यांचा विरोधच असणार, असं समजणं, याला जमातवाद म्हणतात. मामाजींनी व्याख्या दोनदा म्हणायला लावली आणि म्हणाले, "चाला."

"कुठे?"

"मोजून पाहू ना. उगाच कायले मानाची?"

ते मला गावच्या तलावावर घेऊन गेले. पाऊस ओढला होता आणि तलावाचं पाणी धानाला सोडायचं की नाही, यावर पाळीवर, म्हणजे बांधावर, पन्नासेक माणसं हमरीतुमरीवर आली होती. मामाजी चोपडी उघडून एकेकाला विचारत सुटले. ज्यांचं धान होतं ते म्हणत पाणी सोडा. त्यात कुणबी होते, तेली होते, बौद्ध होते, सायकलचं दुकान सांभाळून शेती करणारे करीमभाई होते. ज्यांनी तलावात मासोळी सोडली होती ते ढिवर म्हणत पाणी थांबवा. आणि ज्यांना सांडव्याखाली उन्हाळी भाजी लावायची होती तेही म्हणत थांबवा, त्यात पुन्हा दोन कुणबी, एक बौद्ध आणि करीमभाईंचा सख्खा चुलतभाऊ. मामाजींनी बेरीज केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि मला म्हणाले, "तुमची व्याख्या बरोबर आहे जवाई. असं माननारा मानूस चुकते, हे मोजून सिद्ध झालं." माझ्या नोट्सना त्या दिवशी पहिल्यांदाच थोडा जीव आल्यासारखा मला वाटला. त्या वर्षी मी वर्गात तलावाचं उदाहरण दिलं. परीक्षेत तीन पोरांनी 'जमातवादाची कारणे' म्हणून 'अपुरा पाऊस' असं लिहिलं, ती गोष्ट वेगळी.

पण शब्द एकदा गावात आला की तो नोट्सना विचारून राहत नाही; नोट्समधल्या 'जमातवादी'ला गाव 'जातीयवादी' म्हणायचं. त्या काळात 'जातीयवादी' हा शब्द आमच्याकडे इतका स्वस्त झाला होता की बाजारातली मेथीची जुडी त्यापुढे महाग वाटावी. सरपंचाच्या विरुद्ध फॉर्म भरणारा जातीयवादी. त्याला फॉर्म मागे घे म्हणणारा सरपंच जातीयवादी. एका हॉटेलातला चहा सोडून समोरच्या हॉटेलात जाणारं गिऱ्हाईक जातीयवादी. नापास करणारे मास्तर तर जातीयवादी असायचेच. मला स्वतःला त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी जातीयवादी ठरवलं होतं आणि तिघांचेही मार्क बरोबर होते. मजा अशी की हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच निघायचा. स्वतःला जातीयवादी म्हणवून घेणारा माणूस मला कुठे भेटला नाही. म्हणजे एक भेटला, पण तो पुढे.

मामाजींपुढे मात्र हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणायला अवकाश, की त्यांची चोपडी बाहेर. "कोन? कोनाले? काय केलं? तू तिथी होता का?" चार प्रश्नांतला दुसरा येईपर्यंत समोरचा सायकलवर टांग मारायचा. याच गुणामुळे पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर त्यांची नेमणूक झाली. सणावारांच्या आधी ठाण्यात सगळ्या समाजाची चार-चार वजनदार माणसं बोलावून चहा पाजायचा आणि सगळं शांततेत पार पाडू, असं वदवून घ्यायचं, एवढंच त्या समितीचं काम. मामाजींनी तिथंही प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाची बैठक अडीच तासांवर नेली. तरी ठाणेदार त्यांना मान द्यायचे. बाकीचे नुसते चहा पिऊन माना डोलवतात, हे त्यांनाही कळत होतं.

आता बैल. आमच्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरतो; बैलजोड्यांची शर्यत. गावाची लाडकी जोडी दोघांच्या मालकीची होती. डावा बैल करीमभाईंचा, उजवा तुळशीरामजी नावाच्या शेतकऱ्याचा. एकेकटा बैल कुणाच्याच कामाचा नव्हता, पण जोडीला जुंपले की वारा प्यायल्यासारखे सुटत. ओळीनं तीन वर्षं त्यांनी पट मारला होता. त्या वर्षी वैनगंगेपलीकडची एक जोडी आली आणि शेवटच्या टप्प्यात आमची जोडी किंचित कलली, रेषेवर वीतभरानं हरली. ती कोणत्या बैलामुळे कलली? करीमभाई म्हणाले उजवा ढिला पडला, तुळशीरामजी म्हणाले डाव्यानं अंग टाकलं. तीन वर्षं एका ताटात जेवलेली ती दोन माणसं एकमेकांच्या बैलाच्या सात पिढ्या काढू लागली. मग बघ्यांनी बाजू घेतल्या. फेटे उडाले, भज्यांची कढई पालथी झाली, आणि ठाण्याचे जमादार शिट्टी फुंकत आले तेव्हा मैदानात बैल आणि धूळ, एवढंच जवळजवळ उरलं होतं. जमादारांनी विचारून मिळाली ती अकरा नावं लिहून घेतली.

इथवर काही विशेष नव्हतं. पण नेमक्या त्याच आठवड्यात ठाण्यात वरून एक छापील तक्ता आला होता: आपल्या हद्दीत जातीय तणाव आहे किंवा नाही, असल्यास स्वरूप लिहा. तक्ता कोरा पाठवला तर काम केलं नाही असं दिसतं, हे कुठल्याही कचेरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. जमादारांनी एका बैलाच्या मालकाचं नाव पाहिलं, दुसऱ्या बैलाच्या मालकाचं नाव पाहिलं, आणि स्वरूपाच्या रकान्यात लिहिलं: 'दोन धर्मीय गटांत हाणामारी. पट कायमचा बंद करणे योग्य.' खाली अकरा नावं. त्यातलं पहिलं नाव मिलिंदचं.

मिलिंद हा लहानूभाऊंचा मुलगा. लहानूभाऊ म्हणजे डेपोतले हातोडीवाले. मामाजींनी नग मोजायचा आणि लहानूभाऊंनी ठसा मारायचा, अशी दोघांची बावीस वर्षांची जोडी. लहानूभाऊंच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यांनी स्वतः रात्रशाळेत अक्षरं गिरवली, आणि मुलगा बारावी होऊन वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला होता. फक्त ठाण्याचा चारित्र्याचा दाखला यायचा बाकी होता. 'जातीय तंट्यात नाव' असा दाखला गेला की नोकरी गेलीच म्हणायची. लहानूभाऊ स्वतः येऊन रडले-भेकले नाहीत. ते अंगणात बसले, मामींच्या हातचा चहा प्यायले आणि एवढंच म्हणाले, "बाबूजी, तुमी तं समितीत हा. पाहा काय होते तं."

मामाजींनी त्याच दुपारी नवी चोपडी काढली. त्यात रकाने आखले: नाव, कोणत्या बैलाकडे, कारण, शेरा. मला रजा टाकायला लावून ते मला घेऊन अकरांच्या घरी निघाले. ती दोन दिवसांची पायपीट मी जन्मात विसरणार नाही. करीमभाईंच्या डाव्या बैलाकडून लढलेल्यांत त्यांच्या धर्माचे ते एकटेच निघाले. बाकी तीन तेली, एक गोंड शेतकरी, आणि एक न्हावी. न्हाव्याला कारण विचारलं तर म्हणाला, "तुळशीरामजी दोन वर्सापासून दाढी घरीच करून राह्यले." तुळशीरामजींच्या उजव्या बैलाकडून लढलेल्यांत सर्वांत पुढे होता करीमभाईंचा तोच तलावावरचा चुलतभाऊ. त्याला मामाजींनी विचारलं, "काऊन गा, चुलतभावाचा बैल सोडून तिकडे?" तो म्हणाला, "बाबूजी, भाऊ आहे म्हनून बैल चांगला होते का? डावा ढिलाच पडला. मैंने अपनी आंखों से देखा." शेवटी डाव्या बैलाचे सहा आणि उजव्या बैलाचे चार झाले. कुठल्याही धर्माची, कुठल्याही जातीची रेघ ओढून ती यादी दोन भागांत कापता येत नव्हती. मामाजी इतके खूश झाले की वाटेत त्यांनी एका मोहाच्या झाडाला प्रेमानं थोपटलं.

अकरावा होता मिलिंद. आम्ही लहानूभाऊंच्या टोल्याजवळून, म्हणजे वस्तीजवळून, जात होतो, ऊन कलत होतं. मी म्हणालो, "मामाजी, मिलिंदला विचारायचं राहिलं." ते चालता चालताच म्हणाले, "त्याले काय विचाराचं? तो टोला पुरा करीमभाईच्या दुकानामागं. सारे डाव्या बैलाचे." आणि त्यांनी मिलिंदच्या नावापुढे 'डावा' लिहिलं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. जमातवादाची व्याख्या तोंडपाठ असलेला मी, त्यांच्या शेजारी चालत होतो.

शांतता समितीची बैठक भरली. मामाजींनी यादी वाचली आणि ठाण्याच्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल इतकं हसू तिथं फुटलं. न्हाव्याचं कारण ऐकून ठाणेदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. करीमभाई आणि तुळशीरामजी एकाच बाकावर, मध्ये हातभर अंतर ठेवून बसले होते. चुलतभावाचं नाव आलं तेव्हा तुळशीरामजींनी करीमभाईंना कोपरानं डिवचलं आणि ते अंतर मिटलं. ठाणेदारांनी तक्ता मागवला, 'दोन धर्मीय गटांत' हे शब्द खोडले आणि जमादारांना लिहायला सांगितलं, 'बैलांच्या गुणवत्तेवरून बाचाबाची.' पट बंद करण्याची शिफारसही गेली. सगळ्यांनी चहा घेतला. मामाजी चोपडी मिटून खिशात घालणार, एवढ्यात दाराशी उभे असलेले लहानूभाऊ बोलले. ते कुणाच्या बोलण्यात सहसा पडत नसत.

"बाबूजी, बाकी सारे नग तुमी मोजले. माह्या पोराचा नाई मोजला."

मामाजींनी चोपडी परत उघडली. "लिवला ना. डावा."

"कोनी सांगतलं?"

लहानूभाऊंचा आवाज जराही चढला नव्हता. "मानसं भिडली तवा बैल बुजले, जोडी हाकनारा धुरकरी उडी मारून पळाला. समोर लेकराईची रांग होती. माहा पोट्टा दोन्ही बैलाचे कासरे धरून उभा राह्यला. जमादार आले तवा सारे पळाले, तो कसा पळन? म्हून त्याचं नाव पह्यलं. तुमी इचारलं असतं, बाबूजी, तं त्यानं सांगतलं असतं. तो कोनत्याच बैलाकडून नोयता. दोन्ही कासरे त्याच्याच हातात होते."

मी खाली मान घातली. मामाजी उठले आणि बाहेर सायकल धरून उभ्या असलेल्या मिलिंदला हाताला धरून आत घेऊन आले. त्याच्या दोन्ही तळव्यांवर दोराच्या वळाची खपली अजून होती. मामाजींनी खिशातून टेप काढला. त्यांनी एका तळव्यावरचा वळ मोजला, मग दुसऱ्यावरचा, आणि ठाणेदारांना म्हणाले, "साहेब, रुंदी कासऱ्याएवढी. दोन्ही हाताले सारखी. काठी धरनाऱ्याच्या हाताले असा वळ येत नाई. हे नाव काढा."

जमादारांनी ओशाळून सांगितलं, हो, पोरगा बैलांजवळच उभा होता, बाकी कुणी सापडेना म्हणून पहिलं नाव त्याचं घेतलं. ठाणेदारांनी नाव खोडलं, सही केली आणि मिलिंदला बसायला खुर्ची द्यायला सांगितली. तिथंच संपायला हरकत नव्हती. पण मामाजी बसेनात. म्हणाले, इतिवृत्तात आणखी एक वाक्य घ्या. ठाणेदार म्हणाले, कशाला, झालं ते झालं. मामाजी ऐकेनात. शेवटी लिहिणाऱ्या शिपायानं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'समितीच्या एका सभासदाने एक नाव न विचारता, वस्तीवरून बाजू ठरवून लिहिले, ती त्याची चूक झाली.' वर सभासदाचं नाव घालायलाही त्यांनीच लावलं.

घरी परतताना तलावाच्या पाळीवर आलो तेव्हा मामाजी थांबून म्हणाले, "जवाई, तुमच्या पुस्तकात जातीयवादी कोन?" मी म्हणालो, "मामाजी, जाऊ द्या ना." ते म्हणाले, "नाई, सांगा." मी व्याख्या सांगितली नाही. मी म्हणालो, "जो थप्पी पाहतो, नग पाहत नाही, तो." त्यांनी मान हलवली. "म्हंजे मी." मी म्हणालो, असं कसं म्हणता, तुम्ही तर दोन दिवस उन्हात हिंडलात. ते म्हणाले, "दहा नगासाठी हिंडलो ना. अकराव्यापुरता हावच. अन् तो कोनाचा होता? बावीस वर्सं ज्याच्या हातोडीच्या भरवशावर मी मोजलं, त्याचा." मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच लहानूभाऊंच्या टोल्यावर गेले. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. मामींना एवढंच कळलं की हे तिकडे जेवून आले आणि जेवताना ऐनाच्या पाटावर बसले. मिलिंदला नोकरी लागली. खाकी गणवेश घालून तो पहिल्यांदा पाया पडायला आला तेव्हा मामाजींनी टेप काढला, त्याची उंची घेतली, छाती घेतली, खांद्यावर बोटांनी ठोकलं आणि लहानूभाऊंकडे वळून म्हणाले, "मारा ठसा." लहानूभाऊंनी पोराच्या पाठीवर असा काही हात मारला की वनरक्षक दोन पावलं पुढे गेला. पुढच्या हिवाळ्यात पट पुन्हा भरला, तेच दोन बैल जुंपले, आणि पुन्हा हरले. या वेळी मात्र दोघं मालक एकमुखानं म्हणाले की चूक धुरकऱ्याची.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून तेच प्रकरण शिकवतो, नोट्स मात्र फेकून दिल्या. गेल्या दिवाळीत मामींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि ती चोपडी माझ्या हातात ठेवली. डाव्या बैलाचे सहा, उजव्या बैलाचे चार, सगळे जागच्या जागी होते. अकराव्या ओळीत मिलिंदच्या नावापुढचा 'डावा' लाल पेन्सिलीनं खोडला होता आणि वर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'दोन्ही.' मी चोपडी मिटणार होतो, तेवढ्यात खाली एक बारावी ओळ दिसली. ठाण्याच्या कागदात बारावं नाव नव्हतं. मामाजींनी तिथं स्वतःचं नाव लिहिलं होतं. कोणत्या बैलाकडे, तो रकाना कोरा. कारण, कोरं. आणि शेऱ्यात, डेपोतल्या त्यांच्या वळणदार अक्षरात, दोनच शब्द होते: 'मोजणी बाकी.'